मोटारीला एरंडेल

भाद्रपदात एका मंगळवारी दादा गेला. तो दवाखान्यातून घरी आला, कोट खुंटीला लावला, पाणी मागितले. वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा तो गेला होता.

त्यानंतर घरात जे बदलायचे ते एकेक करून बदलले. दादाची मोटार तेवढी अंगणात उभी राहिली. दादा नगरात डॉक्टर होता आणि भिंगारपासून राहुरीपर्यंतची खेडी याच गाडीने हिंडत असे. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनांवरच मिळत होते. जास्तीची कुपने डॉक्टरला मिळत. डॉक्टरच्या विधवेला किंवा त्याच्या शाळामास्तर भावाला ती कोण देणार?

आमच्या घरातले निर्णय काका घेतात. लग्नाच्या वरातींसाठी मोटारी भाड्याने देणारा एक ठेकेदार त्यांच्या ओळखीचा होता. गाडी त्याला द्यावी असे त्यांनी ठरवले. "निदान तिला रोज हार तरी पडतील," ते म्हणाले.

तेव्हा वहिनी बोलल्या. कित्येक दिवसांत त्या जेवणाखाण्यापलीकडचे काही बोलल्या नव्हत्या. "डॉक्टरची गाडी आहे. ती डॉक्टरकडेच जाईल," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

असा डॉक्टर राजूरला होता. वामनराव हे दादाचे कॉलेजातले मित्र. तिकडच्या डोंगरात ते तट्टावर बसून रोगी पाहत फिरत. त्यांना निरोप गेला, त्यांचा होकार आला. काकांनी मान हलवली, पण एक अट घातली. "राजूरपर्यंत धड पोचली तर त्याची. वाटेत कुठे बसली, तर ठेकेदाराचा माणूस तिथे जाऊन घेऊन येईल. पुन्हा मला विचारायचं नाही."

गाडी चालवणार कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. मी शाळेत संस्कृत शिकवतो. दादाने मला भिंगारच्या लष्करी रस्त्यांवर गाडी शिकवली होती, कारण तिथे रस्ते रुंद आहेत आणि माणसे शिस्तीने बाजूला होतात. वहिनी म्हणाल्या, मीही येते. त्याला कोणी हरकत घेतली नाही. मी एकटा गेलो तर गाडी कुठे पोचेल याची सगळ्यांना कल्पना असावी.

नगर ते कोल्हार

पौषातली सकाळ होती. हातमोजे घालून चाक धरले तर ते निसटते आणि मोजे काढले तर बोटे राहत नाहीत, अशी थंडी. वहिनी मागे बसल्या. एरवी त्यांची जागा पुढे, दादाच्या शेजारी असे. मी काही बोललो नाही. त्यामुळे मी पुढे एकटा आणि बाईसाहेब मागे, असा थाट झाला आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर लोकांनी मला "ए ड्रायव्हर" अशीच हाक मारली.

वाचकांना एक सांगायला हवे. दिराची थट्टा वहिनीने करायची आणि दिराने ती सोसायची, अशी आमच्या घरात जुनी व्यवस्था होती. माझे पुस्तकात तोंड घालून जेवणे, माझ्या धोतराचा सुटलेला काष्टा, सायकलवरून उतरताना मी म्हणतो ते "अरे अरे", या सगळ्यावरून त्या गेली बारा वर्षे माझा समाचार घेत आल्या होत्या. भाद्रपदापासून ते बंद होते. ड्रायव्हरची हाक ऐकून त्या काही बोलतील असे मला वाटले. आरशात पाहिले तर त्या बाहेर बघत होत्या.

विळदच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी ओरडली. पाटीवर खडू उलटा धरून ओढावा तसा आवाज, पण खडू हाताएवढा. रस्त्याकडेच्या शेतात ज्वारी राखणारा माणूस माळ्यावरून उठून उभा राहिला. मी पाय काढला, आवाज थांबला. दाबला, पुन्हा तोच. राहुरीपर्यंत आम्ही असे वर्दी देत गेलो. राहुरीत मी गाडी थांबवून गाडीबरोबर मिळालेले इंग्रजी पुस्तक काढले. ते मी निघण्यापूर्वी दोनदा वाचले होते. त्यात आवाजांचे एक प्रकरण होते आणि बहुतेक आवाजांवर एकच उपाय दिला होता : वंगण द्यावे. मला ते पटले. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा वहिनींनी पुस्तकाकडे एकदा पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

राहुरीच्या पुढे मुलूख बदलतो. इकडे आमची कोरडी ज्वारी, बोरी-बाभळी. तिकडे प्रवरेचे कालवे, उसाचे फड आणि हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर. कोल्हारला नदीकाठी रखमाजी म्हणून दादाचा एक जुना रोगी राहतो. ऊस वाहण्याचा त्याचा धंदा, दारात तीन बैलगाड्या. त्याच्याकडे थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे त्याने आधीच कळवले होते. गाडीचा आवाज ऐकून तो आम्ही दिसायच्या आधीच रस्त्यावर येऊन उभा होता.

वहिनींना पाहून त्याने हात जोडले. "डाक्टर गेले आन आमच्या पोटाचा वाली गेला," तो म्हणाला. बायका त्यांना आत घेऊन गेल्या. मला त्याने शेतात आगटीपाशी नेले. नगरला आम्ही हुरडा ताटात घेऊन खातो. इथे पाहुण्याने कणसाला हात लावायचा नसतो. रखमाजी निखाऱ्यातले कणीस उचलून तळहातावर चोळी आणि वाफाळते दाणे माझ्या ओंजळीत टाकी. बरोबर लसणाची चटणी आणि ताजा गूळ. मी पुरे म्हटले की तो आणखी एक कणीस निखाऱ्यात सारी.

"मास्तर, गाडी लई वरडती," तो म्हणाला.

"हो, विळदपासून."

"चाकातनं वरडती. तान लागली हाय तिला."

"तहान? कसली?"

"तेलाची. चाकाला दुसरी कसली तान लागनार? आमची गाडी अशी वरडाया लागली की आमी वंगन देतो. मुकं जनावर बोलत न्हाई, पन गाडी बोलती."

पुस्तकात आणि रखमाजीत असे एकमत झाल्यावर मला शंका उरली नाही. तो घरात गेला, एका वाटीत कोमट एरंडेल आणि कोंबडीचे पीस घेऊन आला आणि गाडीखाली आडवा झाला. आवाज कोणत्या चाकाचा ते मला सांगता आले नाही, तेव्हा त्याने चारही चाकांना आतल्या बाजूने, फटीफटीतून, मायेने तेल पाजले. "एका बैलाला पेंड आन दुसऱ्याला न्हाई, असं आपन करत न्हाई," तो खालून म्हणाला. मग बाहेर येऊन त्याने हात पुसले. "मला जुलाबाचं एरंडेल डाक्टरांनी सोता बसून पाजलं हुतं. आज त्यांच्या गाडीला मी पाजलं. फिटंफिट झाली."

कोल्हार ते संगमनेर

गाडी ओरडली नाही. कोल्हारच्या बाहेर मी मुद्दाम एकदोनदा हळूच ब्रेक दाबून पाहिला. अगदी शांत. मी आरशात वहिनींकडे पाहिले. आता त्या बाहेर बघत नव्हत्या. मान थोडी वाकडी करून कान लावून बसल्या होत्या.

लोणीला बाजार भरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेथीच्या जुड्या, कांदे, मडकी, शेळ्या, आणि मधोमध माणसे. मी भोंगा वाजवला आणि ब्रेक दाबला. गाडी त्याच चालीने पुढे जात राहिली. मी पाय जोरात दाबला. पाय खाली गेला, गाडी पुढे गेली. हातब्रेक ओढला, तो वर आला आणि त्याने काही केले नाही. माणसे बाजूला झाली, शेळ्या बाजूला झाल्या, मडकेवाली आपली मडकी पोटाशी धरून उभी राहिली. समोर कडब्याने भरलेली एक बैलगाडी सोडून ठेवली होती, बैल पलीकडे झाडाला बांधलेले. मी चाक तिकडे वळवले. कडबा चांगला कोरडा आणि दाट होता. आमची गाडी पुढच्या काचेपर्यंत त्यात गेली आणि थांबली.

 मग कडब्याचा मालक सावकाश चालत आला. त्याने दोन पेंढ्या बाजूला करून माझ्या तोंडाकडे पाहिले.

"पावनं, ह्या गाडीला वैरन लागती व्हय?"

सगळा बाजार हसला. पाचसहा जणांनी गाडी मागे ओढून काढली. कडब्याचे काही बिघडले नव्हते, गाडीचा एक दिवा वाकडा झाला होता. एक म्हातारी वहिनींच्या खिडकीशी आली. तिने त्यांचे मोकळे कपाळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुझा डायवर नवा हाय जनू."

"नवा नाही," वहिनी म्हणाल्या. "वाचून शिकलेला आहे."

मी कोटावरची पाने झटकत होतो, तो थांबलो. भाद्रपदानंतर त्यांनी माझ्यावर टाकलेला हा पहिला शब्द होता.

त्या उतरल्या, पुढचे दार उघडून माझ्या शेजारी बसल्या आणि हातब्रेकवर हात ठेवला. "हळू चालवा. ढकलून थांबवता येईल इतकी हळू. आणि भावजी, ही कोल्हारपासून गप्प का आहे?"

मी सांगितले.

"एरंडेल?"

"कोमट करून."

त्यांनी थोडा वेळ समोर पाहिले. "किती चमचे?"

"वाटीभर असेल. चारही चाकांना मिळून."

"मुलांना एवढं देत नाहीत," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो आवाज ब्रेकचा होता. आषाढापासून ऐकतेय मी. संगमनेरला ह्यांचा एक मिस्त्री आहे, त्याला दाखवायचं मनात होतं."

"मग राहुरीला बोलला का नाहीत?"

"तुम्ही पुस्तक काढलं होतंत."

लोणीहून संगमनेरपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो. खरोखरच एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकले आणि तिच्यातल्या माणसाने मागे वळून राम राम केला. मला काकांची अट आठवत होती. वाटेत बसली तर गाडी वरातीत जाणार होती. कडब्यात जाणे म्हणजे बसणे होते की नाही? मी तसे वहिनींना विचारले.

"बसली कुठे?" त्या म्हणाल्या. "वैरण खायला थांबली."

संगमनेर

उस्मान मिस्त्रीचे गॅरेज म्हणजे त्याच्या घराचीच पुढची पडवी. अंगणाच्या एका बाजूला चिंच आणि पलीकडे पिठाची गिरणी. मिस्त्री उंच, बोलका आणि आपल्या मतांवर प्रसन्न असा माणूस. दादा गेल्याचे त्याला कळले होते. गाडी पाहताच तो तिच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने पुढचे एक चाक काढले, आत बोट फिरवले आणि बोटाचा वास घेतला.

"मास्तर, हिला जुलाब कोणी दिला?"

ब्रेक म्हणजे काय ते मला त्या अंगणात पहिल्यांदा नीट दिसले. चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी भांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत दोन कमानी. कमानींवर जाड पट्टी रिव्हेटने ठोकलेली, तिला लायनर म्हणतात. पाय दाबला की कमानी फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो, गाडी थांबते. म्हणजे घासण्यासाठीच केलेली ही वस्तू. तिला तेल लावणे म्हणजे पहिलवानाला आखाड्यात उतरवताना त्याच्या पायाला लोणी लावण्यासारखे आहे, असे मिस्त्री म्हणाला आणि आपल्या उपमेवर स्वतःच हसला.

त्याने पट्टी पुसली, पेट्रोलने धुतली आणि आम्हाला दाखवली. "लायनर बघा, कसा जाड हाय. अजून एक साल जातोय. तेल निघालं की गाडी टकाटक."

"दुसऱ्या बाजूचं चाक उघडा," वहिनी म्हणाल्या.

"बाईसाहेब, चारी चाकं एकदमच घासतात. एक बघितलं की चारी बघितली."

"गाडी थांबताना डावीकडे ओढते. थांबवणारा कोणी असेल तर कळतं," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "उघडा डावीकडचं."

मिस्त्रीने ते उघडले. पट्टी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी उरली होती. रिव्हेटची डोकी उघडी पडून पितळेसारखी चकाकत होती आणि ड्रमच्या आत त्यांनी वर्तुळाकार चरे पाडले होते. आषाढापासूनचे ओरडणे ते हेच, लोखंडावर रिव्हेट घासल्याचे. एरंडेलाने आवाज गेला होता आणि बाकीचे सगळे होते तिथेच होते.

मिस्त्रीने कान खाजवला. "हां, हे जरा गेलंय. पन राजूर काय लांब हाय? जुनंच ठोकून देतो. गाडी तर तुमी देऊन टाकनार. द्यायच्या गाडीला नवा लायनर कशाला? घेनारा बघंल पुढं."

"द्यायची आहे म्हणूनच घालायचा," वहिनी म्हणाल्या. मग त्या चरांवरून बोट फिरवत, जरा वेळाने, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मी ह्यांना म्हणाले होते, ब्रेक ओरडतायत. हे म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मग एकदा म्हणाले, छातीत दुखतंय. मी म्हटलं, कोणाला तरी दाखवा. तेव्हाही हेच म्हणाले. दिवाळीनंतर बघू."

मला हे माहीत नव्हते. गिरणी चालू होती तिचा आवाज तेवढा येत होता. मिस्त्रीने पाना उचलला आणि तिसरे चाक उघडायला घेतले.

पण लायनर कुठून आणायचा? संगमनेरात नव्हता. नाशकाला असला तर असेल. मुंबईहून मागवायचा तर, मिस्त्री म्हणाला, लढाईत जो माल बोटीत चढला तो अजून उतरलेला नाही. तोवर गाडी इथेच उभी. म्हणजे बसली. काकांच्या भाषेत बसली, आणि त्यात कडब्याचा विनोद चालण्यासारखा नव्हता. वहिनी चिंचेखालच्या दगडावर बसल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. गाडीकडे बघत नव्हत्या.

"काय लागतं हो लायनरला?" त्यांनी विचारले.

"जाड पायजे. विनलेलं पायजे. घासलं तरी फाटायला नको, तापलं तरी पेटायला नको." मिस्त्री बोलता बोलता थांबला. पलीकडे गिरणीचा पट्टा फटफट फिरत होता. आम्ही तिघेही तिकडे बघू लागलो.

गिरणीवाल्याकडे उतरवून ठेवलेला एक जुना पट्टा होता, कापसाचा, बोटाएवढा जाड, वर्षानुवर्षांचे पीठ त्याच्या विणीत बसलेले. मिस्त्रीने तो कापला. तांबटाच्या आळीतून तांब्याचे रिव्हेट करवून आणले, आणि आता मात्र चारही चाकांना, माझ्या देखत, ठोकून बसवले. "आता एकबी बैल उपाशी ठेवायचा न्हाई," तो म्हणाला. रखमाजीची गोष्ट मी त्याला सांगितली होती. ती पुढे बरेच दिवस संगमनेरात फिरत राहिली असे कळते.

काम चालू असताना त्याच्या बायकोने, हलीमाबीने, वहिनींना आत बोलावले. मला बाहेर चहा आला. आमच्या घरी मुसलमानाकडचा चहा चालत नाही. मी कपाकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात दारातून वहिनींचा आवाज आला. "भावजी, माझा पिऊन झाला. तुमचा थंड होतोय." मी प्यालो. आले घातलेला होता आणि आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता. वहिनींनी मला नंतर बजावले की काकांना फक्त आल्याबद्दल सांगायचे.

विठ्याचा घाट

रात्र संगमनेरातच काढून आम्ही पहाटे निघालो. अकोले गावाच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. धुके इतके होते की बैलांची शिंगे आधी दिसत, बैल मागून. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या ठाकरांच्या बायका ओळीने खाली येत होत्या. मोटार पाहून त्या थांबल्या नाहीत, फक्त रांग जरा कडेला घेतली.

चढावर वहिनी म्हणाल्या, "हलीमाबीने मला विचारलं, तुमचे चार महिने दहा दिवस झाले का?"

"कसले?"

"त्यांच्यात नवरा गेला की बाईने तेवढे दिवस घरात बसायचं. मोजून. ते झाले की उठायचं. मग बाहेर पडली तर कोणी काही म्हणत नाही." त्यांनी पदर सारखा केला. "मी म्हटलं, आमच्यात असं मोजत नाहीत. ती म्हणाली, मग तुम्हांला कळतं कसं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा प्याले."

मला संस्कृतातले काहीतरी आठवत होते, पण मी ते बोललो नाही. तेवढ्यात चढ संपला आणि उतार लागला.

मी ब्रेकवर पाय ठेवला.  गाडीने वेग घेतला, मग सोडला. वळण आले, मी पुन्हा दाबला, ती पुन्हा ऐकली. डावीकडे ओढले नाही. आवाज नाही, पण कोल्हारच्या पुढचा तो गप्पपणाही नाही. पायाखाली काहीतरी धरते आहे असे लागत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीत वास भरला. मी घाबरून नाक वर केले.

"जळतंय काहीतरी."

वहिनींनी वास घेतला. "पीठ आहे. पट्टा तापला, त्यातलं पीठ भाजतंय." आणि मग, "भूक लागली मला."

संबंध उतारभर आमच्याबरोबर भाजल्या पिठाचा वास खाली आला. वहिनींचा हात हातब्रेकवर होता, पण त्यांनी तो ओढला नाही.

राजूर

वामनराव दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. गाडी त्यांच्यापासून बेताच्या अंतरावर, जिथे थांबवायची तिथे थांबली. मी आयुष्यात इतक्या जागच्या जागी गाडी थांबवली नव्हती. याचे कौतुक करायला कोणी नव्हते. वामनराव वहिनींकडे बघत होते.

"अंगणात धूर का?" वहिनींनीच विचारले. आत नागलीच्या भाकरी भाजत होत्या. आम्ही जेवलो. नागलीची भाकरी काळी, दिसायला रुसलेली आणि खायला गोड असते. नगरकरांनी ती तोंडात घालण्यापूर्वी तिच्याकडे बघू नये, म्हणजे गैरसमज होत नाही.

जेवणानंतर वामनरावांनी गाडीभोवती अर्धी फेरी मारली. तट्टाची सवय असल्यामुळे ते तिच्या पुढून गेले, मागून गेले नाहीत. "वहिनी, मला हिच्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो, उतार बघितला की छातीत धस्स होतं. ब्रेक गेले हे कळणार कसं? म्हणजे जाण्याआधी?"

वहिनींनी त्यांना माझ्या जागी, चाकापाशी बसवले. "पाय पूर्वीपेक्षा खोल जायला लागला की एक समजायचं. थांबताना एका बाजूला ओढायला लागली की दोन. ओरडायला लागली की त्याच आठवड्यात मिस्त्री. तिने ओरडायचं थांबवलं आणि तुम्ही काही केलेलं नाही, तर उतरून चालत जायचं."

"आणि तेल?" मी म्हणालो.

"तेल भावजींना विचारून घाला. म्हणजे ते नको म्हणतील. आता त्यांना कळतं."

वामनराव हसले, मग दादाची आठवण होऊन थांबले. "हे सगळं त्याला कोणी सांगितलं नव्हतं का हो?"

"मी सांगत होते," वहिनी म्हणाल्या. "दर उतारावर."

 वामनरावांनी ब्रेकवर पाय ठेवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी उभीच होती. "ह्याला मी उशीर करणार नाही," ते म्हणाले. वहिनींनी किल्ली त्यांच्या हातात दिली. वस्तू हातातून हातात द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यांनी घेतला.

परत

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीने निघालो. ती कोळशाच्या गॅसवर चालणारी होती, चढावर उतारू उतरत आणि चालत वर जाऊन तिची वाट बघत. कोल्हारला ती पाणी घ्यायला थांबली. रखमाजी कोठून तरी धावत आला.

"वहिनीसाहेब, पोचली का गाडी?"

"पोचली. डॉक्टरांकडे आहे."

"मंग, वरडली का परत?"

मी तोंड उघडले. वहिनींनी माझ्या पायावर पाय दिला.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

रखमाजीने माझ्याकडे असे पाहिले की जणू आम्ही दोघांनी मिळून ते केले होते. एका अर्थी केलेच होते.

घरी आल्यावर काकांनी गाडी कशी गेली ते विचारले. धड गेली, असे मी सांगितले. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या आणि तिथून म्हणाल्या की भावजींनी फार सांभाळून चालवली, बैलगाड्यांनासुद्धा पुढे जाऊ दिले. काकांनी हे कौतुक म्हणून घेतले.

याला आता वर्षाहून अधिक काळ झाला. राजूरकडून कोणी आले की गाडीची हकीकत कळते. वामनरावांनी गिरणीचा पट्टा काढून मुंबईचे लायनर घातले. वाकडा दिवा बदलला. पावसाळ्यानंतर चाकेही बदलली. दादाच्या वेळचे तिच्यात काय उरले आहे ते मला सांगता येणार नाही. गाडी चालते आणि घाटात थांबवली की थांबते.